वाचकांचे प्रश्न : महाद्वार रोडवरचं दुकान हलवू का?

या वेळी कोल्हापूरहून आलेल्या पत्रांतली तीन पत्रं एकाच भागाबद्दल होती, अंबाबाईच्या देवळाभोवतीच्या जुन्या पेठेबद्दल, म्हणून तिन्ही एकत्रच घेतेय.

प्रश्न : महाद्वार रोडला आमचं साड्या आणि ड्रेस मटेरियलचं दुकान आहे, आजोबांनी सुरू केलेलं. सणासुदीला पाय ठेवायला जागा नसते पण एरवी गिऱ्हाईक कमी झालंय, कोण ऑनलाइन घेतं, कोण मॉलला जातं. मुलगा म्हणतो पाचगाव-कळंबा साइडला मोठं शोरूम टाकू, पार्किंग मिळेल. त्यात आता मंदिराचा आराखडा आणि रस्ता गाड्यांना बंद होणार अशी चर्चा. गाडीच येणार नसेल तर गिऱ्हाईक येणार कसं?
— एक दुकानदार, कोल्हापूर

उत्तर : काका, दुकान हलवू नका, आणि गाड्या बंद व्हायच्या चर्चेने तर अजिबात हलवू नका. तुम्हीच लिहिलंय की सणासुदीला पाय ठेवायला जागा नसते. आता नवरात्र आठवा, देवळाच्या आजूबाजूचे रस्ते गाड्यांना बंद असतात, लोक लांब कुठेतरी गाडी लावून चालत येतात आणि जाताना दोन्ही हातांत पिशव्या असतात. म्हणजे चालत येणारं गिऱ्हाईक खरेदी करतं हे तुमच्याच गल्ल्याने तुम्हाला दाखवलंय.

दुकानदारांचा हा अंदाज जगभर चुकतो. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात २००६ मध्ये दुकानदारांना विचारलं की तुमची किती गिऱ्हाइकं कारने येतात, तर ते म्हणाले ४१ टक्के, आणि प्रत्यक्ष गिऱ्हाइकांना विचारलं तेव्हा निघाले २२. कोपनहेगनमध्ये १९६२ साली मुख्य बाजाराचा रस्ता गाड्यांना बंद केला तेव्हा तिथल्या व्यापाऱ्यांनी जोरदार विरोध केला होता, एवढ्या थंडीत चालत कोण येणार म्हणून, आणि आज तो रस्ता युरोपातल्या नावाजलेल्या बाजारांपैकी एक आहे.

पण दुसरी बाजूही सांगायलाच हवी. अमेरिकेत कॅलामाझू नावाच्या मध्यम शहराने १९५९ मध्ये असाच रस्ता फक्त चालणाऱ्यांसाठी केला, मग कितीतरी शहरांनी तेच केलं आणि त्यातल्या बऱ्याच ठिकाणी बाजार बसला, शेवटी गाड्या परत सोडाव्या लागल्या. खुद्द कॅलामाझूनेही १९९८ मध्ये काही भाग पुन्हा गाड्यांना उघडला. तिथे माणसं राहायलाच शहराबाहेर गेली होती, ऑफिसं गेली, मग नुसत्या छान फरशीवरून चालायला येणार कोण? तुमच्या पेठेचं तसं नाही, अजून तरी नाही. दहा-पंधरा मिनिटांच्या चालीत गुजरीचा सराफ बाजार आहे, चप्पल लाईन आहे, कपिलतीर्थ मार्केटला भाजी आहे, लक्ष्मीपुरीत धान्य बाजार आहे, आणि या सगळ्याच्या मध्ये माणसं राहतात. एका फेरीत चार कामं होतात म्हणून माणूस पेठेत येतो. कळंब्याच्या शोरूमला तो फक्त साडीसाठी येईल, आणि फक्त साडीसाठी बाहेर पडणारं गिऱ्हाईक तर ऑनलाइनवाल्यांनी आधीच नेलंय.

आता एक गोष्ट स्पष्टच लिहिते, राग मानू नका. तुमची स्वतःची आणि दुकानातल्या पोरांची गाडी कुठे लागते? बहुतेक पेठांमध्ये सकाळी दहाला दुकानदारांच्या गाड्या दारात लागतात त्या रात्री नऊलाच निघतात. अकरा तास झाले. तिथेच अर्ध्या अर्ध्या तासाने गिऱ्हाईक बदलत गेलं असतं तर एका गाडीच्या जागेवर दिवसात बावीस गिऱ्हाइकं आली असती. पार्किंग नाही म्हणून आपण महापालिकेला बोलतो पण आधी आपापल्या गाड्या लांब लावायचा नियम व्यापाऱ्यांनी स्वतःहून केला तर एक रुपया खर्च न होता अर्धा रस्ता मोकळा होतो.

आणि मागायचंच असेल तर पार्किंगच्या आधी बायकांसाठी स्वच्छ, पाणी असलेलं, कुलूप नसलेलं स्वच्छतागृह मागा. मी हे दरवेळी लिहिते कारण कोणी मनावर घेत नाही. साडी घ्यायला चार बायका गडहिंग्लजहून, गारगोटीहून सकाळच्या एसटीने येतात, दोन-तीन तास झाले की कुठे जायचं हा प्रश्न येतो आणि खरेदी अर्धी टाकून त्या परतीच्या एसटीला जातात. त्या अर्ध्या खरेदीचा हिशोब कोणत्याच व्यापाऱ्याच्या वहीत नसतो. पाणी, बसायला बाकडी, टॉयलेट आणि दर दहा मिनिटांनी स्टँडवरून केएमटीची सिटी बस, एवढं मिळालं तरी तुमचा मंगळवार-बुधवार सुधारेल. माल उतरवायला सकाळी दहाच्या आधीची वेळ ठरवून घ्या, ते नक्की लागेल.

शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी वसवली ती अशीच विचार करून. १८९१ ला मिरजेहून रेल्वे आली होती, माणूस आणि माल जिथे उतरतो तिथेच पेठ बसवली, व्यापाऱ्यांना बोलावून जागा दिल्या, सवलती दिल्या, आणि कोल्हापूरच्या गुळाला घरची बाजारपेठ मिळाली. शहराची हद्द १९७२ ला महापालिका झाल्यापासून वाढलेली नाही, त्यामुळे नवीन वस्ती सगळी भोवतालच्या गावांत पसरतेय हे तुमच्या मुलाचं निरीक्षण बरोबर आहे, पण ती माणसं पेठेत आणायची कशी यावर डोकं चालवा, तुम्ही त्यांच्या मागे पळू नका. मुलाला हुरूप आहे ना, मग दुकानाचा वरचा मजला त्याच्या ताब्यात द्या, व्हॉट्सअ‍ॅपवर साड्या दाखवू दे, फॉल-पिको आणि ब्लाउजची शिलाई तिथेच सुरू करू दे, ऑनलाइनवाल्याला ते जमत नाही.

राहिला आराखडा. मे २०२५ मध्ये चौंडीच्या मंत्रिमंडळ बैठकीत १,४४५ कोटींच्या आराखड्याला मंजुरी मिळाली, रक्कम मोठी आहे, त्यामुळे ऐकीव गोष्टींवर न राहता नकाशा बघून या आणि आपला सिटी सर्व्हे नंबर त्यात येतो का ते लेखी विचारा. भूसंपादन २०१३ च्या कायद्याने झालं तर शहरी भागात बाजारभाव अधिक तेवढीच दिलासा रक्कम, म्हणजे साधारण दुप्पट धरतात, आणि संपादनाच्या आधी तीन वर्षांपासून तिथे पोट असलेला भाडेकरूसुद्धा बाधित कुटुंबात मोडतो. गाळा भाड्याचा असला तरी जुन्या पावत्या, शॉप अ‍ॅक्टचे कागद, लाइट बिलं एका फाइलीत लावून ठेवा. मला काळजी वेगळीच आहे. भाविकांसाठी म्हणून सगळी पेठ लॉज आणि प्रसादाच्या दुकानांचीच झाली तर रोजचं गिऱ्हाईक कायमचं तुटेल, म्हणून हरकती-सूचनांची वेळ आली की व्यापाऱ्यांनी आणि राहणाऱ्यांनी एकत्र जावं, वेगवेगळं जाऊ नये.

प्रश्न : मी पापाच्या तिकटीजवळ पाटी घेऊन फुलं-गजरे विकते. रस्ता सुधारला की आम्हाला उठवणार असं सगळे म्हणतात. आम्ही कुठं जायचं?
— एक फुलवाली

उत्तर : ताई, २०१४ चा फेरीवाला कायदा तुमच्या बाजूने आहे. फेरीवाल्यांचा सर्व्हे पूर्ण होऊन प्रमाणपत्रं वाटेपर्यंत जुन्या विक्रेत्यांना उठवता येत नाही, आणि नंतर जागा बदलायची झाली तर ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. सर्व्हेत नाव आहे का ते आधी बघा, नसेल तर ते पहिलं काम. नगर पथविक्रेता समितीत ४० टक्के लोक विक्रेत्यांमधून निवडायचे असतात आणि त्यातल्या एक तृतीयांश बायका, तर तुमच्या ओळीतल्या बायकांनी एकीला उभं करा, आरक्षण आहे ते वाया घालवू नका. भांडवलासाठी पीएम स्वनिधी या सरकारी कर्ज योजनेतून पहिल्यांदा १५ हजारांपर्यंत मिळतात, ते फेडले की २५ आणि मग ५० हजार, सावकाराच्या रोजच्या व्याजापेक्षा कितीतरी बरं.

वरच्या काकांनीही हे वाचावं. देवळातून निघालेली बाई गजऱ्यासाठी थांबते म्हणून पुढच्या काचेतली साडी तिला दिसते. चालायला सहा फूट मोकळे ठेवून पाट्यांची ओळ आखून घेतली की दोघांचा धंदा होतो.

प्रश्न : भाऊसिंगजी रोडच्या मागच्या गल्लीत आमचं जुनं दुमजली घर आहे. हायकोर्टाचं सर्किट बेंच आल्यापासून ऑफिससाठी वकील विचारतायत, एक बिल्डरही मागे लागलाय. आई-बाबा वर राहतात. मी पुण्यात नोकरीला. विकून टाकू का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : घाई करू नका. बेंच १८ ऑगस्ट २०२५ ला सुरू झालं, कोल्हापूरसह सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग अशा सहा जिल्ह्यांचं काम तिथे येतं, त्यामुळे मागणी खरी आहे. पण आत्ताची जागा सीपीआर हॉस्पिटलसमोरची जुनी कोर्टाची इमारत आहे आणि कायमची इमारत शेंडा पार्कला व्हायचीय, ती झाली की वकिलांची ऑफिसं हळूहळू तिकडे सरकतील. आजचा भाव कायमचा धरून घर विकू नका.

खालचा मजला लीव्ह अँड लायसन्सवर द्या, तीन वर्षांचा करार करा. स्टँप ड्युटी एकूण भाड्याच्या पाव टक्का असते, आणि नोंदणी करायची जबाबदारी मालकाची आहे, ती केली नाही तर वादात समोरचा म्हणेल ते खरं धरलं जातं. पागडीने देऊ नका, तिथे भाडं वर्षाला चार टक्क्यांच्या वर वाढवता येत नाही आणि जागा परत मिळायला जन्म जातो. घर तीस वर्षांच्या वरचं असणार, तेव्हा भाडेकरू ठेवायच्या आधी स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्या. वरचा मजला आई-बाबांचाच राहू दे, त्यांना जिना झेपत नसेल तर त्यांना खाली आणा आणि ऑफिस वर द्या, वकिलांची पक्षकार मंडळी जिना चढतात.