अमेरिकेत सर्वात कमी लोकवस्तीची काउंटी (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) कोणती? आणि तिथे माणसं राहत का नाहीत?

पश्चिम टेक्सासमधली लव्हिंग काउंटी. २०२०च्या जनगणनेत तिथे फक्त ६४ माणसं भरली, आणि क्षेत्रफळ मात्र साधारण १,७५० चौ. किमी! न्यू मेक्सिकोच्या सीमेला लागून असलेला हा कोरडा, झुडपी माळ. एका कडेने पेकोस नदी वाहते, पण तिचं पाणी खारट. शेती पिकणार कशी?

नाव पडलं ते ऑलिव्हर लव्हिंग या गुरांच्या व्यापाऱ्यावरून. १८६७मध्ये पेकोसच्या काठी कोमांची या तिथल्या मूळनिवासी जमातीच्या लोकांशी झालेल्या चकमकीत तो जखमी झाला आणि पुढे त्यातच दगावला.

काउंटीचा इतिहास तर आणखी मजेशीर. १८९३मध्ये तिचा कारभार सुरू झाला आणि १८९७मध्ये गुंडाळला गेला. मग तेल सापडलं, तेव्हा १९३१मध्ये तो पुन्हा उभा राहिला. दोनदा स्थापन झालेली टेक्सासमधली ही एकमेव काउंटी.

मेंटोन हे मुख्य ठिकाण. गाव म्हणायचं ते एवढंच. तेलामुळे पैसा भरपूर येतो, पण तेलविहिरींवरचे बहुतेक कामगार बाहेरचे, तात्पुरते. त्यामुळे रस्त्यावर ट्रक रग्गड दिसतात, मतदारयादी मात्र तोकडीच.