वाचकांचे प्रश्न : बहुमत भक्कम, तिजोरी मात्र आवळलेली

प्रश्न : जुलै २०२४ च्या निवडणुकीत ब्रिटनच्या मजूर पक्षाने ६५० पैकी ४११ जागा जिंकल्या. एवढे बहुमत पाठीशी असताना कीर स्टार्मर यांच्या सरकारला वर्षभरातच आपले महत्त्वाचे निर्णय मागे का घ्यावे लागले? (एक वाचिका, सांगली)

उत्तर : ४११ जागांच्या शेजारी दुसरा एक आकडा ठेवला, तर या सरकारची अडचण उलगडू लागते. मजूर पक्षाला मिळालेली मते जेमतेम ३४ टक्के होती, आणि मुळात मतदानच सुमारे ६० टक्के झाले होते. सर्वाधिक मते मिळवणारा उमेदवार विजयी, ही आपल्याकडची पद्धत तिथेही आहे, किंबहुना ती आपण तिथूनच घेतली आहे. हुजूर पक्ष आणि नायजेल फराज यांचा रिफॉर्म पक्ष यांच्यात उजवीकडची मते विभागली गेल्याने मजूर पक्षाचे अनेक उमेदवार थोडक्या फरकाने निवडून आले. अशा खासदाराला पक्षादेशाइतकीच आपल्या मतदारसंघातील नाराजीचीही धास्ती असते, म्हणून हे बहुमत मोजताना मोठे दिसले तरी वापरताना तितके खंबीर ठरले नाही.

अर्थकारणाची कोंडी याहून कठीण आहे. २००८ च्या आर्थिक संकटापासून ब्रिटनमधील उत्पादकतेची वाढ मंदावलेली आहे, युरोपीय संघातून बाहेर पडल्याने व्यापारात नव्या अडचणी उभ्या राहिल्या, आणि रुग्णालयांतील उपचारांची प्रतीक्षायादी सत्तांतराच्या वेळी ७५ लाखांच्या वर गेली होती. खर्चाची निकड अशी चहूबाजूंनी असताना पक्षाने जाहीरनाम्यात मात्र कष्टकऱ्यांवरील प्राप्तिकर, नॅशनल इन्शुरन्स (कर्मचारी आणि मालक दोघेही भरतात ती सामाजिक सुरक्षेची वर्गणी) आणि व्हॅट वाढवणार नाही, असे वचन दिले होते. सरकारचे सर्वाधिक उत्पन्न याच तीन करांतून येते. म्हणजे सत्तेवर येण्यापूर्वीच या सरकारने उत्पन्नाची मुख्य दारे स्वतःहून बंद केली होती.

कर्ज काढावे, तर २०२२ ची आठवण ताजी होती. त्या वर्षी २३ सप्टेंबरला लिझ ट्रस यांच्या सरकारने सुमारे ४५ अब्ज पौंडांची करकपात जाहीर केली, पण तो पैसा कुठून भरून काढणार हे सांगितले नाही, आणि अर्थसंकल्पाची छाननी करणाऱ्या स्वतंत्र संस्थेचा अंदाजही सोबत मांडला नाही. सरकारी कर्जरोख्यांचे भाव इतके कोसळले की निवृत्तिवेतन निधी अडचणीत आले आणि बँक ऑफ इंग्लंडला रोखेखरेदीसाठी उतरावे लागले. ट्रस यांचे पंतप्रधानपद ४९ दिवसांत संपले. तेव्हापासून ब्रिटनचा प्रत्येक अर्थमंत्री रोखेबाजाराकडे पाहतच बोलतो.

अर्थमंत्री रेचल रीव्हज यांनी दैनंदिन खर्च करांतूनच भागवायचा आणि कर्ज गुंतवणुकीपुरते काढायचे, असा नियम घालून घेतला. ऑक्टोबर २०२४ च्या अर्थसंकल्पात या नियमाच्या आत राहण्यासाठी त्यांच्याकडे उरलेली सूट होती अवघी ९.९ अब्ज पौंड, आणि सरकारचा एकूण वार्षिक खर्च १,२०० अब्जांच्या पुढे. व्याजदर थोडा चढला की ही सूट पुसली जाणार, मग पुन्हा कुणाचे तरी अनुदान कापावे लागणार किंवा नवा कर शोधावा लागणार, अशी ती स्थिती होती. त्याच अर्थसंकल्पात कर्मचाऱ्यांऐवजी मालकांचा नॅशनल इन्शुरन्स १३.८ वरून १५ टक्के झाला. वचनाचे शब्द त्यामुळे शाबूत राहिले, परंतु उपाहारगृहे आणि लहान दुकाने यांच्या चालकांना त्याची झळ सोसावी लागली.

माझ्या मते सर्वांत मोठी चूक मात्र जुलै २०२४ मध्ये झाली. हिवाळ्यात घर उबदार ठेवण्यासाठी वृद्धांना मिळणारी २०० ते ३०० पौंडांची मदत सरकारने केवळ अतिगरीब निवृत्तांपुरती मर्यादित केली. वाचणारी रक्कम दीड अब्जांच्या आसपास होती; तिच्यासाठी सुमारे एक कोटी वृद्धांच्या मनातला विश्वास गमावणे हा सौदा कोणत्याही हिशेबाने परवडणारा नव्हता, आणि थंडीत हीटर लावावा की नाही याचा विचार करणाऱ्या माणसाला राजकोषीय शिस्त समजावून सांगणे क्रूरपणाचेच होते. जून २०२५ मध्ये हा निर्णय बहुतांशी फिरवला गेला. त्याच महिन्यात अपंगांच्या भत्त्यातील कपातीविरुद्ध मजूर पक्षाचेच १२० हून अधिक खासदार उभे राहिले आणि तीही कपात पुढच्या महिन्यात मतदानापूर्वी सोडून द्यावी लागली. एकदा माघार घेतलेले सरकार दुसऱ्यांदाही घेईल, हे खासदारांनी तोवर ओळखले होते.

प्रश्न : भारत-ब्रिटन व्यापार करारावर तिथे टीका का झाली? (एक वाचक, पुणे)

उत्तर : करारावर २४ जुलै २०२५ रोजी स्वाक्षऱ्या झाल्या. वाद पेटला तो मे महिन्यातच, आणि तोही सोबतच्या सामाजिक सुरक्षेविषयीच्या तरतुदीवरून. भारतीय कंपनीने तात्पुरते पाठवलेले कर्मचारी भारतातच भविष्यनिर्वाह निधी भरत असतील, तर त्यांना ब्रिटनमध्ये तीन वर्षे नॅशनल इन्शुरन्स भरावा लागणार नाही, अशी ती तेव्हा जाहीर झालेली तरतूद होती. तिथल्या मालकांचा हा भार एप्रिलमध्येच वाढला असल्याने ‘परक्यांना सवलत, आपल्यांना बोजा’ असा प्रचार विरोधकांना सहज करता आला. वास्तविक ही सवलत दोन्ही बाजूंना आहे आणि ब्रिटनने इतर अनेक देशांशीही अशीच व्यवस्था केलेली आहे. पुण्यातील संगणक कंपन्यांतून प्रकल्पासाठी लंडनला जाणाऱ्या तरुणांना एकाच पगारावर दोन देशांत वर्गणी भरावी लागू नये, इतकाच तिचा हेतू आहे.