वाचक विचारतात : डॉक्टर ग्रंथालयात येत नाहीत, मी काय शिकू?

प्रश्न : शिवाजी विद्यापीठातून एम.लिब. करून मी कोल्हापुरातल्या एका मेडिकल कॉलेजात सहायक ग्रंथपाल आहे. मुलं सगळं मोबाइलवर बघतात, डॉक्टर इकडं फिरकत नाहीत. मॅडम, पुढं जायचं तर कॉम्प्युटरचा कोर्स करू का?
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : कोर्स राहू दे. आधी पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय लेख शोधायच्या संकेतस्थळावर, हात बसू द्या, त्याला पैसेही लागत नाहीत. माझी सगळी नोकरी मेडिकलच्या ग्रंथालयातच झाली, म्हणून खात्रीनं सांगते.

समजा, मेडिसिनचा एखादा रेसिडेंट घोणस चावून किडनी बिघडलेल्या रुग्णांवर प्रबंध करतोय. आपल्याकडं उसाच्या फडात हे नवीन नाही. तो 'स्नेक बाइट किडनी' टाकणार आणि पहिल्या पानावरचं उचलणार. तुम्ही मेश उघडा. लेखांना लावायची ही अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनची विषयशीर्षकं, एम.लिब.ला सिअर्सची यादी शिकलात, त्याच जातीचं काम. जुने लेख 'अ‍ॅक्यूट रीनल फेल्युअर' म्हणतात, नवे 'अ‍ॅक्यूट किडनी इंज्युरी'. मेशमध्ये दोन्ही एकाच शीर्षकाखाली येतात. घोणस तिथं 'डबोया' म्हणून सापडेल. अगदी ताज्या लेखांना अजून शीर्षक लागलेलं नसतं, म्हणून तेच शब्द लेखाच्या नावात आणि सारांशातही शोधा आणि दोन्ही शोध 'ऑर'नं, म्हणजे 'किंवा'नं, जोडा. शोधाची पूर्ण ओळ तारखेसकट वहीत उतरवून ठेवा. सिस्टिमॅटिक रिव्ह्यू, म्हणजे एका प्रश्नावरच्या सगळ्या संशोधनाचा पद्धतशीर आढावा, करायचा तर ती ओळ जशीच्या तशी द्यावी लागते, आणि ती नीट लिहिणारं माणूस कॉलेजात सहसा मिळत नाही. ते माणूस तुम्ही व्हा. कामाचा वाटा मोठा असेल, तर सहलेखक म्हणून नाव मागायला अजिबात संकोचू नका. तो तुमचा हक्क आहे.

डॉक्टर येत नाहीत म्हणता, तर तुम्ही जा. एमडी-एमएसची मुलं प्रबंधाचा आराखडा म्हणजे सिनॉप्सिस लिहायला बसतात, तेव्हा त्यांना खरी गरज असते. मेडिसिनच्या विभागप्रमुखांना भेटून जर्नल क्लबमध्ये, म्हणजे नवे लेख वाचून चर्चा करायच्या बैठकीत, वीस मिनिटं मागा. भाषण नको, त्यांच्याच एखाद्या केसवर समोर शोध करून दाखवा.

रुग्णांच्या नोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्ड विभागाची वाटही चांगली आहे, पण वेगळी. तिथं आयसीडीचे, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाचे, कोड लागतात. आयसीडी-१० मध्ये सर्पविषाला टी ६३.०. आयसीडी-११ जानेवारी २०२२ पासून लागू झालं आहे, तेव्हा शिकायचंच तर दोन्ही शिका. तुमचा ओढा वाचनाकडं दिसतो, म्हणून मी पबमेडच आधी म्हणेन.