वाडीच्या रिटायर लोकांच्या आठवणी लिहून घेणार असशील तर

अरे, किर्लोस्करवाडीच्या जुन्या कामगारांशी बोलणार आहेस ते बेस्टच, पण "तेव्हा कसं होतं हो काका?" असं विचारू नकोस, सगळे "लई भारी दिवस होते" म्हणतात आणि चहा येतो, संपलं. त्यापेक्षा विचार की खातं कुठलं, फाउंड्री (धातू ओतायचं खातं) की मशीनशॉप, लेथवर होता का, पहिला जॉब, म्हणजे घडवायचा भाग, कोणता हातात दिला, शिकवलं कोणी आणि बिघडला तर फोरमन काय म्हणायचा. फाउंड्रीवाला भेटला तर त्याला सोडूच नकोस, साचा कसा भरायचे, वाळू ओली राहिली तर काय व्हायचं हे सांगताना ती माणसं हातानंच दाखवायला लागतात, म्हणून जमलं तर व्हिडिओ घे (आधी विचारून!).

सालं कोणालाच नीट आठवत नाहीत, सरळ विचार की कोयनेच्या भूकंपाच्या आधी का नंतर, म्हणजे डिसेंबर १९६७, नाहीतर ७२चा दुष्काळ. कारखाना १९१० चा, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या माळरानावर उभा केला, ते सगळे सांगतातच, त्यात वेळ घालवू नको.

दोघा मित्रांना एकत्र बसव, एक सांगतो आणि दुसरा "तसं नव्हतं रे" म्हणतो, खरा माल तिथेच मिळतो. आणि काकूंना पण विचार, डबा, कॉलनी, पगाराचा दिवस हे त्यांनाच जास्त माहीत असतं. युनियनचा विषय पहिल्या भेटीत काढू नकोस बाबा.