'रन' म्हणजे धावणे, मग 'रन अ शॉप'मध्ये धावतं कोण? अर्थ ओळखायचा कसा?

कोणीच धावत नाही. 'रन'पुढे कर्म आलं की अर्थ बहुधा 'चालवणे' होतो, मग ते दुकान असो की प्रोग्रॅम. कर्म नसेल तर कर्ता पाहा. माणूस किंवा जनावर असेल तर धावतं. निर्जीव असेल तर मराठीत क्रियापदच बदलतं: इंजिन चालतं, नदी वाहते, नाक गळतं, धुताना कपड्याचा रंग जातो. ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशाने या एका क्रियापदाचे ६४५ अर्थ नोंदवलेत, त्यामुळे पाठांतराच्या नादी लागू नका. मात्र कर्माचा नियम सरसकट लागू नाही: 'रन अ माइल'मध्ये खरंच धावायचं असतं, 'रन अ फीवर' म्हणजे ताप असणे, 'रन अ रिस्क' म्हणजे धोका पत्करणे.

चुका जास्त होतात त्या जोडशब्दांत, ते वेगळेच शिकावेत:
- 'रन इंटू': अचानक गाठ पडणे, किंवा आदळणे
- 'रन ओव्हर': गाडीखाली चिरडणे (हे दोन अदलाबदल झाले की अनर्थच!)
- 'रन आउट': संपणे. 'द पेट्रोल रॅन आउट' बरोबर. पण कर्ता माणूस असेल आणि काय संपलं तेही सांगायचं असेल तर 'ऑफ' हवंच, 'वुई रॅन आउट ऑफ पेट्रोल'.