वाचकांचे प्रश्न : आदामच्या बोटांमधला डीएनए

प्रश्न : मायकेलँजेलोच्या ‘आदामची निर्मिती’ची नवी आवृत्ती करतोय. देव आणि आदाम यांच्या बोटांमधल्या फटीत डीएनए आडवा काढला, तर विज्ञानाचे सर म्हणाले, पीळ उलटा आहे. कॅनव्हास फिरवून टांगला तर चालेल?

उत्तर : नाही. उजव्या आट्यांचा स्क्रू कसाही धरा, आटे उजवेच राहतात. पीळ बदलतो तो फक्त आरशात. आपल्या पेशींतला नेहमीचा डीएनए उजव्या पिळाचा असतो. तो उभा काढला, तर समोरून जाणारा पेड खाली डावीकडून वर उजवीकडे चढतो. तुमच्यासारखा आडवा काढला, तर वर डावीकडून खाली उजवीकडे उतरतो. गफलत बहुधा ट्रेसिंगमध्ये होते : कागद पालथा ठेवून घासला की पीळ डावा झालाच. डाव्या पिळाचा झेड-डीएनए असतो खरा, पण त्याचा आधार घेऊ नका. त्याची ठेवणच वेगळी, नागमोडी.

चित्र दुरुस्त करताना मापंही तपासा. डीएनएची जाडी २ नॅनोमीटर, एक वेढा ३.४ नॅनोमीटर. म्हणजे चित्रात जाडी १० सेंमी धरली तर वेढा १७ सेंमीचा, आणि त्यात दोन पेडांना जोडणाऱ्या साधारण दहा पायऱ्या. दोन पेडांमधल्या खाचा मात्र असमान : एक सुमारे ११ सेंमी, दुसरी ६. बहुतेक चित्रांत त्या सारख्याच काढतात आणि डीएनएची साखळी होते.

साल्वादोर दाली यांचं, डीएनएची रचना उलगडणाऱ्या क्रिक आणि वॉटसन यांना वाहिलेलं १९६३चं भव्य तैलचित्र जरूर पाहा. त्यात डीएनए आहे, आणि ख्रिस्ताला वर उचलणारा देवपिताही. ते फ्लोरिडातल्या सेंट पीटर्सबर्गच्या दाली संग्रहालयात आहे.

प्रश्न : आदामच्या बरगडीतून निघणाऱ्या हव्वेच्या मागे प्रभावळीऐवजी तिची गुणसूत्रं मांडायची आहेत. कोणती काढू?

उत्तर : गंमत इथेच आहे. बरगडीतल्या पेशीची हुबेहूब नक्कल केली तर हव्वेलाही एक्स-वाय मिळेल. स्त्री हवी तर वाय गाळून आदामचाच एक्स दोनदा घ्या. दोन्ही एक्सवरचे (सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे गडद-फिकट) पट्टे मग तंतोतंत सारखे रंगवा. बाकी २२ जोड्या आदामच्याच, क्रमाने मोठ्यापासून लहानाकडे. फक्त २१वं २२व्यापेक्षा किंचित छोटं. शेजारी आदामची मांडणी केलीत तर वायला इंग्रजी अक्षराचा आकार देऊ नका. तो एक बुटका दांडा असतो, लांबीला एक्सच्या साधारण एक तृतीयांश.