इनिएस्टा विरोधी प्रेक्षकांनाही एवढा का आवडायचा?

स्पेनचा मिडफिल्डर इनिएस्टा, बार्सिलोना क्लबकडून ६७४ सामने आणि गोल फक्त ५७, मग एवढं प्रेम कशापायी, असं विचारलंय तुम्ही. हा 'फक्त' मी शाळेपासून ऐकतोय.

आम्ही कोल्हापूरचे. पेठेच्या फुटबॉल संघात थोरला भाऊ फॉरवर्ड, म्हणजे पुढं गोल मारायला, आणि मी मिडफिल्डला, म्हणजे मधून पास पुरवायला. शाहू स्टेडियमवर जिंकलो की पोरं दादाला खांद्यावर घेणार आणि मी त्याचे बूट पिशवीत भरून मागनं चालणार. पास कुणाचा होता हे कुणी विचारायचं नाही. "गोल कुणी मारला? मग झालं तर," एवढं एकच वाक्य दादाकडे होतं.

२०१० ची स्पेन-नेदरलँड्स वर्ल्डकप फायनल आपल्याकडे मध्यरात्री सुरू झाली. वडील आत झोपलेले, म्हणून टीव्हीचा आवाज बंद. नेदरलँड्सनं नुसती हाणामारी लावलेली, त्यांच्या डी याँगनं तर स्पेनच्या अलोन्सोच्या छातीवरच लाथ घातली. दादा पेंगत होता. ११६ व्या मिनिटाला फाब्रेगासचा पास आला, इनिएस्टानं चेंडू घेतला, टप्पा पडू दिला आणि हाणला. दादा ताडकन उठला, "बघ! शेवटी गोलच मारायला लागला का न्हाई तुझ्या मिडफिल्डरला?"

मला उत्तर सुचलं नाही. तेवढ्यात इनिएस्टानं जर्सी काढली. आतल्या बनियनवर काहीतरी लिहिलेलं. अर्थ नंतर कळला: दानी हार्के, कायम आमच्यासोबत. हार्के हा एस्पान्योल क्लबचा कॅप्टन, २००९ मध्ये २६ व्या वर्षी हृदयविकारानं गेला. आणि एस्पान्योल म्हणजे बार्सिलोनाच्या गावातलेच वैरी! आमच्याकडं समोरच्या पेठेच्या खेळाडूचं नाव कुणी असं छातीवर मिरवलं असतं तर घरी यायची चोरी झाली असती. इनिएस्टानं त्यापायी पिवळं कार्डही घेतलं. त्याच डिसेंबरात एस्पान्योलच्या मैदानावर लोक उभे राहून त्याच्यासाठी टाळ्या वाजवत होते, आणि तेही १-५ नं हरताना.

बाकी कारणं आहेतच. अंगानं किरकोळ, नाटकं नाहीत, दोन पायांत चेंडू असा सरकवायचा की समोरचा नुसता बघत राहायचा. पण ज्यांना गोलांशिवाय काही मोजता येत नाही त्यांना हे सांगून उपयोग नाही. तुमचा पोरगा मिडफिल्डला खेळत असेल तर त्यानं दिलेले पास वहीत लिहून ठेवा. आमच्या घरी कुणी लिहिले असते, तर दादाचे निम्मे गोल माझ्या खात्यावर निघाले असते.

सगळीकडेच टाळ्या मिळायच्या असंही नाही म्हणा. स्पेनमधल्याच बिलबाओ क्लबचे लोक त्याला हिणवायला शिट्ट्या मारायचे. २०१० मध्ये त्याला पाडल्याबद्दल त्यांच्या आमोरेबिएताला लाल कार्ड मिळालं होतं, तो राग.

नोव्हेंबर २०१५ मध्ये मात्र बार्सिलोनाच्या कट्टर वैऱ्यांच्या, रियल माद्रिदच्या बर्नाबेउ मैदानावर तो बदली होऊन बाहेर निघाला आणि माद्रिदवाले उठून टाळ्या वाजवायला लागले. मध्यरात्र उलटून गेलेली, तरी मी दादाला फोन लावला. म्हटलं, बघितलंस का?

"आज गोल मारला का त्यानं?"

मारला होता. नेमका त्याच दिवशी मारला होता.